पडद्यावरचा आखाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून, उभी नोकरी रेल मिलमध्ये काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने व्यासपीठावर यावे, आणि त्यानेही बोलण्यासाठी व्हिडिओ गेम हा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यवाहांनी मला विषयाचे नाव पुन्हा एकदा विचारून घेतले, यातच सर्व आले. तरीही हा विषय मी हट्टाने मांडणार आहे. कारण ज्या मुलांसाठी आपण ही संस्था पन्नास वर्षे चालविली, ती मुले संध्याकाळचा वेळ कोठे घालवितात याची आपल्याला माहिती असावी, असे मला वाटते.

प्रथम थोडा इतिहास. पडद्यावरील खेळ हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. 'अटारी' कंपनीचे घरगुती यंत्र अमेरिकेत १९७७ साली आले. १९७८ मध्ये जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाने धुमाकूळ घातला, आणि १९८३ च्या जुलैत 'निन्टेंडो'चे 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात उतरले. त्याच्याच नकला नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी आल्या. कॅसेट बसली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारावयाची, हा विधी आपल्या मुलांनी केलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. 'सोनी'चे पहिले 'प्लेस्टेशन' डिसेंबर १९९४ चे. आणि ज्या यंत्राविषयी मी आज बोलणार आहे, ते त्याच घराण्यातील पाचव्या पिढीचे यंत्र आपल्या देशात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले.

या यंत्रांवर खेळले जाणारे खेळ नाना जातींचे. त्यांतील द्वंद्वाचा खेळ हा माझ्या मते सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत विचार करण्याजोगा. 'कॅपकॉम' या जपानी कंपनीने 'स्ट्रीट फायटर' १९८७ साली काढला. त्याचा दुसरा भाग १९९१ साली आला आणि जगभरच्या पार्लरांतून मुलांच्या रांगा लागल्या. सहावा भाग २ जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. पुण्याहून सुटीत येणाऱ्या माझ्या नातवाने नवे यंत्र आणि हाच खेळ बरोबर आणला, तेव्हापासून माझा त्याच्याशी परिचय आहे.

खेळाचे स्वरूप वरवर पाहता अगदी साधे आहे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या प्राणशक्तीची एक पट्टी असते. ज्याची पट्टी आधी रिकामी होईल तो हरला. प्रहारासाठी सहा बटने असतात : तीन ठोशांची, तीन लाथांची. समोरच्याचा वार अडवावयाचा तर त्याच्यापासून दूर, म्हणजे मागे, अशी कळ दाबून धरावयाची. अडविणाऱ्याला जवळ जाऊन पकडीत घेता येते. पकडावयास आलेल्याला वार करून थोपविता येते. आणि वार करणाऱ्याला अडविता येते. दगड, कागद, कात्री या मुलांच्या खेळासारखेच हे चक्र आहे.

यात कठीण ते काय, असे आपण विचाराल. मी कारखान्यातला माणूस असल्याने हिशेबानेच सांगतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. या खेळातला सर्वांत चपळ ठोसा चार चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात समोरच्याला लागतो. उलट, डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला सुमारे सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. म्हणजे बारा ते पंधरा चित्रे. तेव्हा तो ठोसा दिसल्यावर अडविणे मानवी देहाला शक्यच नाही. समोरचा आता काय करील हे आधीच ओळखावे लागते. त्याची सवय, त्याचा उतावीळपणा, त्याची भीती यांचा अंदाज बांधावा लागतो. बटनांचा हा खेळ खऱ्या अर्थाने समोरच्याच्या मनाशी खेळला जातो, आणि कठीणपणाचे मर्म तेथेच आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबागेच्या मैदानाची कीर्ती आपण जाणतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळविलेले कांस्यपदक हा आपल्या अभिमानाचा ठेवा आहे. कुस्तीच्या आरंभी दोन मल्ल एकमेकांचे हात झटकीत, अंतर राखीत, अंदाज घेत फिरतात; त्याला आपण खडाखडी म्हणतो. अजाण प्रेक्षकाला वाटते, अजून काहीच घडत नाही. जाणत्याला ठाऊक असते की कुस्ती तेथेच निम्मी ठरते. या पडद्यावरील द्वंद्वातही असेच आहे. दोन तरबेज खेळाडू कितीतरी वेळ नुसते पुढे-मागे होत असतात. आपला पाय पोचेल पण समोरच्याचा पोचणार नाही, अशा त्या वीतभर अंतरासाठी त्यांची झुंज चाललेली असते. डाव आहे तेथे त्याची तोडही आहे; आणि तोड माहीत असणे निराळे, वेळेवर सुचणे निराळे.

सहाव्या भागात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक योद्ध्याला सहा खान्यांचा शक्तीचा एक साठा आरंभीच पूर्ण भरून दिलेला असतो. मोठे डाव त्यातून खर्च होतात. सारा साठा उधळला की योद्धा काही काळ दमलेला राहतो. त्या अवस्थेत विशेष डाव नुसता अडविला तरी त्याची थोडी प्राणशक्ती झडते. जमाखर्चाचा हा धडा हिशेबाच्या वहीपेक्षा येथे लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या स्वतःच्या शिकण्याविषयी थोडे सांगतो. या खेळात डावांसाठी ठरावीक कळांचा क्रम असतो. हातातून तेजाचा गोळा फेकावयाचा तर खाली, मग खाली-पुढे, मग पुढे असा अंगठा फिरवून त्याच क्षणी ठोशाचे बटन दाबावे लागते. हे सांगण्यास जेमतेम एक वाक्य लागले. साधण्यास मला नऊ दिवस लागले. नातू शेजारी बसून म्हणे, "आजोबा, बोटांकडे पाहू नका, पडद्याकडे पाहा." हे वाक्य ऐकताच मला आमच्या मिलमधला पुल्पिट आठवला. लालभडक पोलादाचा ठोकळा रोलांतून पुढे-मागे जात असतो आणि वर काचेच्या खोलीत बसलेल्या कामगाराचे हात खटक्यांवर असतात. तो हातांकडे पाहत नाही, धातूकडे पाहतो. नवशिक्याला जुने ऑपरेटर हेच सांगत असत. हाताला शिकविण्याची रीत कारखान्यात आणि खेळात एकच आहे, हे मला माझ्या नातवाने दाखवून दिले.

नवशिक्यांसाठी या खेळात थोड्या बटनांची एक सोपी रीतही ठेवलेली आहे; तिच्यात अवघड डाव एका कळीवर होतात. नातवाने मला ती सुचविली होती. मी तिचा अव्हेर केला नाही, पण जुन्या रीतीचा सरावही सोडला नाही. अशीच दुसरी एक सोय मला अधिक मोलाची वाटली. दोन योद्ध्यांमधील अंतर, लागलेला वार, उरलेली शक्ती हे सारे निरनिराळ्या आवाजांनी कळावे, अशी व्यवस्था या खेळात आहे. ज्यांना दृष्टी नाही अशांनाही त्यामुळे डोळस माणसाशी बरोबरीने लढता येते. आपल्या किती मैदानी खेळांत आपण हा विचार केला आहे?

आणि मग हरणे. सुटीच्या दोन महिन्यांत मी नातवाशी किती वेळा हरलो याची मोजदाद नाही. येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. सांघिक खेळात पराभव अकरांत वाटला जातो. पत्त्यांत तो नशिबावर ढकलता येतो. द्वंद्वाच्या खेळात मात्र पंच नाही, ओली खेळपट्टी नाही, पाने वाईट आली असे म्हणण्याची सोय नाही. समोरच्याने आपल्याला ओळखले आणि आपण त्याला ओळखले नाही, एवढेच सत्य उरते. शिवाय यंत्र त्या लढतीची नोंद ठेवते. आपण कसे हरलो हे पुन्हा पाहता येते. जो हे पाहण्यास धजतो तो शिकतो. परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून कोमेजून जाणाऱ्या आपल्या मुलांना, दिवसातून वीस वेळा हरून एकविसाव्या वेळी शांतपणे खेळावयास बसण्याची सवय जर कोठे लागत असेल, तर त्या जागेला केवळ नादिष्टपणाची जागा म्हणून आपण झिडकारू नये.

या विद्येत जगाने काय पाहिले त्याचे तीन दाखले देतो.

पहिला २००४ सालचा, कॅलिफोर्नियातील 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेचा. जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची 'स्ट्रीट फायटर'च्या तिसऱ्या भागावर लढत चालली होती. दाइगोच्या योद्ध्याची प्राणशक्ती रेघेएवढी उरली होती. वाँगने एकामागून एक पंधरा लाथांचा महाडाव टाकला. मागची कळ दाबून तो नुसता अडविला असता तरी त्या झिजेने दाइगो संपला असता. त्या भागात आणखी एक उपाय होता : वार लागण्याच्या ऐन क्षणी मागे न जाता पुढची कळ दाबावयाची, वेळ अचूक साधली तर वार निष्फळ होतो, चुकली तर खेळ संपतो. दाइगोने ते पंधराही वार पुढे होऊन परतविले आणि ती लढत जिंकली. सभागृहातला तो कल्लोळ आजही चित्रफितीत ऐकावयास मिळतो. पण कथेचा उत्तरार्ध मला अधिक बोधप्रद वाटतो. तोच दाइगो त्या स्पर्धेची अंतिम लढत हरला. पुढे काही काळ त्याने खेळ सोडून वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले, आणि नंतर तो पुन्हा आखाड्यात परतला.

दुसरा दाखला शेजारचा. लाहोरच्या गल्ल्यांतील पार्लरांत वाढलेला अर्सलान सिद्दिक हा तरुण २०१९ साली 'टेक्केन ७' या खेळात आधी जपानची आणि मग अमेरिकेची 'इव्हो' जिंकला. तोवर या खेळात कोरिया आणि जपान यांचा दबदबा होता. पाकिस्तानात असे मल्ल तयार होत आहेत याची बाहेर फारशी कोणाला वार्ता नव्हती. गल्लीतली तालीम एकनिष्ठेने चालली तर काय होते, ते यावरून दिसते.

तिसरा दाखला आपल्या वयाच्या मंडळींसाठी मुद्दाम राखून ठेवला आहे. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धा २०२३ साली झाल्या. त्यांत संगणकीय खेळांना प्रथमच पदके ठेवली होती. 'स्ट्रीट फायटर'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने मिळविले, तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस होते. आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हेही त्याच खेळात भारताचे प्रतिनिधी म्हणून उतरले होते. त्यांना पदक मिळाले नाही; परंतु देशाचे नाव लावून या आखाड्यात उभे राहण्याचा मान त्यांनी मिळविला. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने अशा खेळांना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले होते.

आता आक्षेपांकडे वळतो. ते खोटे आहेत असे मी म्हणणार नाही.

पहिला आक्षेप हिंसेचा. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट' या खेळातील रक्तपात पाहून अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९९३ साली सुनावण्या झाल्या आणि १९९४ पासून तेथे खेळांवर वयोमर्यादेची खूण छापली जाऊ लागली. ती खूण वाचणे हे पालकांचे काम आहे. सारेच खेळ एका माळेचे मणी नव्हेत. 'शोले' आणि बालचित्रपट यांना आपण एकाच प्रमाणपत्राने तोलत नाही.

दुसरा आक्षेप व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. मात्र त्याची व्याख्या नीट पाहावी. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांहून खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, असे साधारणतः वर्षभर चालले तर तो विकार. रोज तासभर खेळणारा मुलगा रोगी ठरत नाही. पण शाळा, झोप आणि माणसे सोडणाऱ्या मुलाला रागे भरण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणे अधिक शहाणपणाचे.

तिसरा आक्षेप आपल्या गावाला बोचणारा आहे. २०२३ साली 'महादेव ॲप' या सट्ट्याच्या प्रकरणात भिलाईचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. दोषी कोण याचा निवाडा न्यायालये करतील. परंतु तेव्हापासून मोबाइलवर किंवा पडद्यावर काहीही खेळणारा मुलगा म्हणजे सट्टेबाज, असा समज आपल्या काही घरांत रुजला. हा समज अन्यायाचा आहे. पैसे लावून खेळणे आणि कसब लावून खेळणे यांत पत्ते आणि बुद्धिबळ यांच्याइतके अंतर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही हाच भेद मान्य केला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि कौशल्याच्या संगणकीय क्रीडांना उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले. आपण घरात हा भेद स्पष्ट सांगितला नाही, तर मुलांना तो दुसरे कोणीतरी भलत्या रीतीने सांगेल.

चौथा आक्षेप माझा स्वतःचा आहे. या खेळात १९९१ पासून धालसिम नावाचा एक भारतीय योद्धा आहे. हातपाय रबरासारखे लांबविणारा, तोंडातून आग ओकणारा, गळ्यात कवट्यांची माळ घातलेला योगी! त्याच्या मैदानात हत्ती उभे. जपान्यांनी तो प्रेमाने घडविला असेल. पण आपले चित्र दुसऱ्याने रेखाटले की ते असेच व्हावयाचे. यावर उपाय रुसण्याचा नव्हे, स्वतः कुंचला हाती घेण्याचा आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवर एक मुलगी आपल्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा. पहाडी लघुचित्रांची छाया त्याच्या चित्रणावर आहे. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. आपल्या छत्तीसगडच्या मातीत तर पंडवानी आहे. हातातल्या तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा करणाऱ्या तीजनबाईंची कला भिलाईने अगदी जवळून पाहिली. २०१९ साली त्या पद्मविभूषण झाल्या. भीम आणि दुःशासन यांचे द्वंद्व त्या ढंगाने पडद्यावर आणणारा मुलगा किंवा मुलगी याच गावातून का निघू नये? मात्र त्यासाठी त्याला खेळही यावा लागेल आणि पंडवानीही ऐकावी लागेल.

बंधुभगिनींनो, शेवटी मंडळाविषयी.

सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूर, वर्धा, अमरावतीकडून आपल्या आधीची पिढी येथे आली, तेव्हा तिच्यातील किती जणांनी झोतभट्टी डोळ्यांनी पाहिली होती? रशियन अभियंत्यांचे बोलणे दुभाष्याच्या तोंडून समजून घेत त्यांनी पोलाद करणे शिकून घेतले. नव्या यंत्रासमोर शिकाऊ म्हणून उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हे गाव त्याच वृत्तीवर उभे राहिले.

आज या सभागृहात नजर फिरविली तर तिशीच्या आतील चेहरे थोडेच दिसतात. मुले मराठी विसरली, मंडळात येत नाहीत, अशी खंत आपण दर वार्षिक सभेत व्यक्त करतो. मी एवढेच सांगतो : त्या दोन महिन्यांत माझा नातू माझ्याशी जितके मराठी बोलला, तितके त्याआधीच्या दोन वर्षांत फोनवर बोलला नव्हता. डाव समजावून सांगण्यासाठी त्याला शब्द हवे होते. खडाखडी, पेच, तोड, पकड, चीत हे शब्द मी त्याला दिले आणि ते त्याने हौसेने उचलले. पुण्याला परतल्यावर आपल्या मित्रांनाही तो 'खडाखडी' शिकवू लागला आहे, असे कळते. भाषा उपदेशाने टिकत नाही. तिला काम द्यावे लागते.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. गणेशोत्सवातील क्रीडास्पर्धांत कॅरम आणि बुद्धिबळ यांच्या जोडीला या द्वंद्वखेळाची एक स्पर्धा ठेवावी. ती मुलामुलींना सारखीच खुली असावी. खेळाची निवड वयोमर्यादेची खूण पाहून व्हावी. प्रवेशमूल्य किंवा रोख बक्षीस नसावे. आणि प्रत्येक जोडीत एक खेळाडू साठीच्या पुढचा असावा. लढतींचे समालोचन मराठीतून व्हावे. ज्येष्ठांची त्यात फजिती होईल, हे मी अनुभवाने सांगतो. पण नातवंडांसमोर हसतमुखाने हरणारा आजोबा आणि आजोबांना धीराने शिकविणारा नातू, हे दृश्य मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी शुभ ठरेल, असा माझा विश्वास आहे.



जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.